मीटर म्हणतं १८६, लॅब म्हणते ३८

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधे मी बायोकेमिस्ट्रीला नाइट करत होते. पहाटे अडीचला सर्जरी वॉर्डातून एक सॅम्पल आलं, पेशंट साधारण पासष्टचे काका, डायबेटिस, पायाला जखम, किडनी गेलेली म्हणून घरीच पोटाचं डायलिसिस चालू. रात्री अचानक असंबद्ध बोलायला लागले, घाम फुटला, म्हणून सोडियम पोटॅशियम आणि सोबत शुगर पाठवलेली.

शुगर आली ३८.

आधी मला सॅम्पलचीच शंका आली, कारण साध्या ट्यूबमधे रक्त पडून राहिलं की पेशीच साखर खातात आणि रिझल्ट खोटा कमी येतो. पण ही करड्या झाकणाची फ्लोराइडची ट्यूब होती, काढून वीस मिनिटंही झाली नव्हती. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल लावलं, बरोबर आलं, सॅम्पल परत लावलं तर ३७. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "अगं आत्ता मीटरवर १८६ आहे, रात्री नऊला २७२ होती म्हणून आठ युनिट इन्सुलिन दिलंय, सर मेंदूचा सीटी करायला न्यायचं म्हणतायत." माझ्या हातापायातलं बळच गेलं. म्हटलं सीटी थांबवा, रिझल्ट मी दोनदा बघितलाय, आधी ग्लुकोज द्या, आणि फोन ठेवून तशीच वर पळाले.

रेसिडेंट डॉक्टरांनी वाद न घालता डी-२५ म्हणजे २५ टक्के ग्लुकोजचं पाणी चढवलं आणि दहा मिनिटांत काकांनी डोळे उघडून काकूंना नावाने हाक मारली. तो क्षण मी विसरणार नाही.

मग सापडलं ते कॉटखाली, काकूंनी घरून आणलेली डायलिसिसची बॅग, तिच्यावर लिहिलेलं आयकोडेक्स्ट्रिन ७.५ टक्के. ही साखरेची लांब साखळी असते, पोटात बरेच तास राहून पाणी ओढते, म्हणून रात्रभर ठेवायला वापरतात. पण त्यातली थोडी रक्तात जाते आणि तिथे तिचे तुकडे होऊन माल्टोज बनतं, म्हणजे ग्लुकोजचीच जोडगोळी.

आता मीटर काय करतं ते सांगते. पट्टीवर एक एन्झाइम असतं, ते ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, मधला एक रेणू ते इलेक्ट्रोडपर्यंत नेऊन सोडतो आणि मीटर फक्त तो करंट मोजतं. साखर त्याला दिसतच नाही, करंट दिसतो! वॉर्डातल्या पट्टीत जीडीएच-पीक्यूक्यू नावाचं एन्झाइम होतं, त्याला ग्लुकोज आणि माल्टोज यातला फरक कळत नाही, ते दोन्हीकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि आकडा फुगतो. ग्लुकोज ऑक्सिडेज हे दुसरं एन्झाइम असलेली पट्टी माल्टोजला फसत नाही, आमच्या लॅबच्या अ‍ॅनालायझरवरची हेक्सोकायनेज पद्धतही नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००९ मधे याच पट्ट्यांबद्दल इशारा दिला होता, १९९७ पासून १३ मृत्यू नोंदले गेले होते. आमच्या पट्टीच्या डब्यातल्या कागदावरही बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते आम्ही पहाटे चार वाजता टॉर्च लावून वाचलं.

सगळ्यात जास्त लागलं ते काकूंचं. त्या नऊ वाजताच म्हणाल्या होत्या, की घरी यांची इतकी कधी येत नाही हो. आणि डायलिसिस सेंटरने दिलेलं सूचनेचं कार्ड त्यांच्या पिशवीत होतं, कुणी मागितलंच नाही. मला सिस्टरांना दोष द्यायचा नाही, तीस पेशंटला दोघी होत्या, पण नातेवाईक असं काही बोलले की त्या वाक्यासाठी दोन मिनिटं थांबायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

किडनी नसली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून सकाळपर्यंत दर तासाला सॅम्पल, वॉर्डबॉय मामा बिचारे जिने चढउतार करत होते. आयकोडेक्स्ट्रिन बंद केल्यावरही हा घोळ दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो म्हणून फाइलवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलं, शुगर फक्त लॅबमधूनच.

निघताना काकूंनी विचारलं, "मग आमचं घरचं मशीन पण खोटं का गं?" त्यांच्या पट्टीचा डबा बघितला, ग्लुकोज ऑक्सिडेज. तरी सकाळी नऊच्या सॅम्पलसोबत तिन्ही लावून बघितलं. लॅब १४१, काकूंचं मीटर १३६, वॉर्डचं २५८.