वॉटरफर्ड ग्रीनवेला जायचंय? आधी परत कसं येणार ते ठरवा

उन्हाळा लागला की आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "वॉटरफर्ड ग्रीनवेला पार्किंग कुठे करायचं?" मग कोणीतरी गूगल मॅपची पिन टाकतं, चार अंगठे येतात आणि सगळे खूश. खरं तर पार्किंग मिळतं हो. भानगड वेगळीच आहे, ग्रीनवे म्हणजे सायकलने किंवा पायी जायचा मार्ग, आणि तो गोल नाहीये, तो वॉटरफर्डपासून डनगार्वनपर्यंत सरळ ४६ किलोमीटर जातो, म्हणजे सायकल मारत तुम्ही त्या टोकाला पोचलात तरी गाडी आपली या टोकालाच उभी असते.

तर तो आहे जुन्या रेल्वेचा मार्ग. १८७८ मध्ये सुरू झाली लाइन, १९६७ ला प्रवासी गाड्या बंद झाल्या, आणि २०१७ च्या मार्चमध्ये ग्रीनवे म्हणून उघडला. हे सांगायचं कारण असं की रेल्वेमुळे चढ अगदी हलके आहेत, गिअर नसलेल्या सायकलवालेही निघतात, आणि मधली पार्किंग बहुतेक जुन्या स्टेशनांच्याच आसपास आहेत: किलमीडन, किलमॅकथॉमस, डरो. वॉटरफर्डहून किलमीडन साधारण साडेदहा किलोमीटर, तिथून किलमॅकथॉमस साडेतेरा, पुढे डरो बारा आणि मग डनगार्वन दहा. हे आकडे फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, सगळं प्लॅनिंग त्यावरच चालतं.

दोन गाड्या असल्या की एक त्या टोकाला ठेवू ही आयडिया कोणाला ना कोणाला सुचतेच. कागदावर भारी वाटते. पण बघा काय होतं, सकाळी दोन्ही गाड्या डनगार्वनला न्यायच्या, एक तिथे सोडायची, मग सगळी माणसं आणि सगळ्या सायकली उरलेल्या एका गाडीत कोंबून वॉटरफर्डला यायचं (मावत नाहीत!), आणि संध्याकाळी दमलेल्या पोरांना घरी न्यायची वेळ आली की कळतं चाइल्ड सीट वॉटरफर्डच्या गाडीत आहे. त्यापेक्षा सायकल भाड्याने देणाऱ्यांची शटल घ्या, ती तुम्हाला परत आणून सोडते. फक्त शेवटची शटल किती वाजता आणि स्वतःची सायकल असेल तर ती घेतात का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

माझं विचाराल तर लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर पूर्ण ४६ चा नाद सोडा. गाडी सरळ किलमॅकथॉमसला लावा, तिथे जुन्या वर्कहाउसपाशी (पूर्वीचं गरीबगृह) पार्किंग आहे, सायकल भाड्याने मिळते, खायला आहे, टॉयलेट आहे. आईबाबांना गावावरून जाणारा दगडी कमानींचा पूल चालत बघता येतो, बाकीच्यांनी डरोपर्यंत जाऊन परत यायचं, २४ किलोमीटर होतात. दम असेल तर डरोच्या पुढे बोगदा आहे, साधारण ४०० मीटर, आत दिवे आहेत पण भिंतीवरून पाणी टपकत असतं आणि तोंडाशी नेचे लोंबतात, बाहेर उन्हात असाल तरी आत हुडहुडी भरते, जॅकेट पार्किंगमध्ये ठेवून येऊ नका. त्यानंतर बॅलिव्हॉयलचा पूल आणि मग एकदम समुद्र. माझ्या मते अख्ख्या ग्रीनवेचा मलईचा भाग हाच.

एकाच बाजूने पूर्ण करायचाच असेल तर डनगार्वनहून वॉटरफर्डकडे या. इथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून असतो म्हणजे तो पाठीवर येतो. तरी आदल्या रात्री फोरकास्ट बघाच, आयर्लंड आहे हे, वारा काय आपल्याला विचारून वाहत नाही.

गाडीच्या टपावर सायकली बांधणाऱ्यांनो, पार्किंगच्या तोंडाशी हाइट बॅरियर (उंच गाड्या अडवणारा आडवा दांडा) आहे का ते आधी बघा, आत शिरायच्या नादात वर काय आहे ते विसरायला होतं. मागे रॅक असेल तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत, नाहीतर गार्डा (इथले पोलीस) अडवू शकतो. आणि पार्किंग भरलं म्हणून शेताच्या गेटसमोर गाडी लावायची नाही, "दहाच मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही. रविवार असला तरी ट्रॅक्टर त्याच गेटातून जातो.

गाडी नसेल तर? काही बिघडत नाही. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डची ट्रेन दोन-सव्वादोन तासांत पोचते, स्टेशन शूर नदीच्या उत्तरेला आहे, पूल ओलांडला की ग्रीनवेची बाजू. डनगार्वनला मात्र ट्रेन नाही, तिथून परत वॉटरफर्डला बस किंवा शटलच. ट्रेनमध्ये सायकलच्या जागा मोजक्याच असतात, त्या तिकिटासोबतच बुक करा. फोल्डिंग सायकल असेल तर बुकिंगची गरज नाही, घडी घालून सामानासारखी चढवायची.