लोसार झाला की आमचा मेळावा

लोसार म्हणजे तिबेटी नवं वर्ष. बहुतेक वर्षी ते महाशिवरात्रीनंतर दोन-तीन दिवसांतच येतं, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडची जत्रा आटोपते न आटोपते तोच. स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली शेजारच्या तिबेटी कॅम्पातली माणसं तोवर परतलेली असायची, आमच्याकडेही धान घरात आलेलं असायचं. मग गाव आणि कॅम्प दोघांसाठी झटणाऱ्या आमच्या मंडळाच्या मेळाव्याला याहून चांगला मुहूर्त कोणता?

गोठणगावजवळची नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ची. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला आमचा अर्जुनी मोरगावचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. आम्ही तिला कॅम्पच म्हणतो. मंडळ काढलं ते गावातल्याच काही मास्तरांनी आणि दुकानदारांनी. बाहेरून पैसा नाही, वर्गणीवर कारभार. सुरुवातीला कुरबुर होतीच. "त्याईले जमीन भेटली, आमाले काय भेटलं?" असं लोक तोंडावर विचारायचे. आणि खरं सांगायचं तर प्रश्न काही चुकीचा नव्हता. इथला अल्पभूधारक कुठे सुखात होता? म्हणून मंडळाने एकच नियम धरला: जे येईल ते दोघांना. वह्यांचा गठ्ठा एक, डोळे तपासणीची रांग एक.

मेळाव्यात मला सगळ्यात आवडायचं ते फॉर्म लिहून द्यायचं टेबल. नाचगाणी मांडवात चालायची, गर्दी मात्र इथे. आपल्या देशाने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे तिबेटी माणसाचा सगळा भार त्याच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर. तो वेळेवर नूतनीकरण करून घ्यावा लागतो. एखादी आजी पदराआडून, म्हणजे त्यांच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या एप्रनाआडून, पांगदेनआडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला काढायची. तिच्या मागे आमची एखादी मावशी निराधार योजनेचा अर्ज घेऊन उभी. दोघींच्याही अंगठ्याला तीच निळी शाई. मास्तर दोघींवर सारखेच खेकसायचे, "फोटो कुठाय?"

मग हिशेबाचं वाचन. ते कंटाळवाणं असायचं, पण कुणी उठत नसे, कारण जेवण त्यानंतर. वांग्याची भाजी, वरण-भात आमचा; खाप्से त्यांचे. तळलेले, पिळाचे, पोरं खिशात भरून न्यायची. लोण्या-मिठाचा चहा मात्र गावकऱ्यांच्या घशाखाली कधी नीट उतरला नाही. एका घोटानंतर कप हळूच बाकाखाली जायचा, आणि वाढणाऱ्या बाया ते बघून हसत सुटायच्या.

संध्याकाळी आमची दंडार, म्हणजे झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं लोकनाट्य, मग त्यांचा गोरशे नाच. हातात हात धरून गोल, पावलं सोपी वाटतात आणि तिसऱ्या फेरीत चुकतात. दंडारीत भले भले गाजवलेले आमचे गडी इथे हमखास दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचे. कॅम्पातल्या म्हाताऱ्यांना त्यांना रेटत नेण्यात भारी मजा यायची.

आता तिकडची तरुण पोरं बंगळुरू, दिल्ली, कुणी परदेशात, आमची पुण्या-नागपूरला. गोरशेचा गोल लहान होत चाललाय, वर्गणी मागायला फिरणारेही तेच ते पिकल्या केसांचे. डोळे तपासणीची रांग तेवढी दरवर्षी वाढते, आणि रांगेतल्या नंबरावरून होणारी भांडणं आता इथल्या अस्सल झाडीबोलीत होतात, दोन्हीकडून.