वांग, एक ट्यूब आणि नागपूरच्या फेऱ्या

पुतणीच्या साक्षगंधाचे फोटो मोबाईलवर आले, त्यात मी मलाच चटकन ओळखू आले नाही. दोन्ही गालांवर काळसर वांग, भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या. वय 49, पाळी जाऊन वर्ष झालेलं. वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. लग्न झाल्यापासूनची सगळी वर्षं उन्हात गेली. सासूबाई म्हणाल्या, "वावरात जानाऱ्या बाईचं तोंड असंच राह्यते वो." मला मात्र ते फार लागलं.

वांगासाठी मी दोन वर्षांपासून एक ट्यूब लावत होते. औषधाच्या दुकानातल्या पोरानं दिलेली. आठच दिवसांत चेहरा उजळला होता. पुढे ती एक दिवस चुकली की चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून लावतच राहिले. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. ते मी वयाच्या खात्यात टाकलं.

नागपुरात राहणाऱ्या जाऊबाईंनी आठ्यांसाठी बोटॉक्स घेतलं होतं. त्यांना ते शोभतं आणि त्या खूश आहेत. त्यांच्यासोबत मी एका खाजगी क्लिनिकमध्ये गेले. लेझरच्या सहा बैठका, कपाळाला बोटॉक्स, ओठांच्या बाजूला फिलर, म्हणजे सुरकुती भरून काढणारी सुई, असं पॅकेज पुढे आलं. आधी काय लावता, हे कुणी विचारलंच नाही. मी पैशांची जुळवाजुळव करायला लागले होते. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या पैशातून भागलंही असतं. पण बोटॉक्सनं स्नायू सैल पडतो तो साधारण तीन-चार महिनेच, पुन्हा सुई घ्यावी लागते. बगीचा सोडून वर्षातून तीनदा नागपूर मला कसं जमणार?

मुलगी म्हणाली, "आई, आधी मेडिकलले दाखवू न." म्हणून नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचेच्या ओपीडीत गेलो. रांग मोठी होती. डॉक्टरबाई पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "काय लावता, ते आणलंय का?" मी पर्समधून ट्यूब काढली. तिच्यावरची नावं त्यांनी मला वाचून दाखवली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड. असं मिश्रण डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडेच लावायचं असतं. मी दोन वर्षं लावलं होतं. त्या शिरा, ती लव, ती आग, सगळं त्या ट्यूबचं होतं.

लेझरचं विचारलं. त्या म्हणाल्या, आपल्या सावळ्या त्वचेत लेझरच्या उष्णतेनं वांग कधीकधी आणखी गडद होतो, आणि अशा पातळ झालेल्या कातडीवर तर आत्ता नकोच.

ट्यूब सोडल्यावरचे दोन महिने मी विसरणार नाही. तोंड सुजलं, लाल पुरळ आलं, रात्री ओला रुमाल ठेवून झोपायची. हळदीकुंकवाला गेले नाही. परत तीच ट्यूब लावावी असं कितीदा वाटलं. मुलीनं ती आधीच फेकली होती, हे बरं झालं.

मग आग थांबली. आता साधं मॉइश्चरायझर, रात्री अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडची क्रीम, आणि सकाळी दोन बोटांवर मावेल एवढं रंगीत सनस्क्रीन. रंगीत अशासाठी की त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही अडवतं, आणि वांग त्यानंही वाढतो. वरून दुपट्टा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दुपारी बगीच्यात जायचं मी बंद केलं. पहाटे लवकर निघते.

वांग फिकट झाला, गेला नाही. आठ्या आहेत तशाच आहेत. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे 30 टक्क्यांनी घटतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यावर मी काही करणार नाही. आजाराचा भाग होता तेवढा मी बरा करून घेतला. आठ्या माझ्या आहेत. उद्या कधी वाटलं तर बोटॉक्सही घेईन, पण सगळं विचारून.

2018 पासून अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी परवा शेजारच्या पोरीच्या हातात तीच ट्यूब दिसली. लग्न ठरलंय तिचं. तिच्या आईला म्हटलं, पोरीनं एकदम सोडू नये, तोंड पेटते. पुढच्या आठवड्यात तिघी मिळून मेडिकलला जातो आहोत, ट्यूब सोबत घेऊन.