त्र्याहत्तर की त्र्याऐंशी? गुहा मोजण्याचा माझा अनुभव

गुहा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे लेणी येतात. त्यात आपली चूक नाही. सह्याद्रीचा काळा कातळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे इथे घळी आहेत, कपारी आहेत, छिन्नीने कोरलेली लेणी आहेत, पण आत किलोमीटरच्या किलोमीटर जाणारी नैसर्गिक गुहा बघायची तर मेघालय गाठावं लागतं. खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांच्या दक्षिण उतारावर चुनखडीचा पट्टा आहे, आणि मावसिनरामसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी 11,800 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. खडक विरघळणारा आणि पाऊस असा, मग दुसरं काय होणार? जैंतियातली क्रेम लियात प्राह 30 किलोमीटरहून लांब आहे. 'क्रेम' म्हणजे खासीत गुहाच. मावसिनराम भागातली क्रेम पुरी तर वालुकाश्मातली, तरी 24.5 किलोमीटर भरली. शिलाँगची मेघालयन ॲडव्हेंचरर्स असोसिएशन आणि परदेशी गुहा-संशोधक 1992 पासून हिवाळ्यांत हे मोजत आले आहेत.

मोजणं हा शब्द मुद्दाम वापरतोय. आत जाऊन आलो, फोटो काढले, याला आमच्यात कुणी शोध म्हणत नाही. नकाशात आली नाही ती वाट सापडली नाही, असा साधा हिशेब आहे. आणि नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, वहीमुळे. हा सगळा लेख त्या वहीबद्दल आहे असं समजलात तरी चालेल.

आधी परवानगी. मेघालयात जमीन बहुतांशी गावाची, कुळाची किंवा खाजगी मालकीची असते, त्यामुळे सरकारी कागद हातात असला तरी गावच्या दरबाराची, म्हणजे गावसभेची, संमती लागतेच. जैंतियात गावप्रमुखाला वाहेह श्नोंग म्हणतात. त्यांना भेटून कोण किती जण, किती दिवस, कुठल्या तोंडातून आत जाणार आणि नकाशा कधी देणार हे सांगायचं. गावातला एक जण वाटाड्या म्हणून सोबत घ्यायचा. रानात झाकलेली तोंडं त्यालाच माहीत असतात, जीपीएसला नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला आठवडा. एप्रिलच्या वळवात वरच्या खोऱ्यात तासभर पाऊस झाला तरी आत नदी चढते, आणि आतल्या माणसाला आभाळ दिसत नाही. आत शिरताना छताकडे बघायची सवय लावून घ्यावी. छताच्या फटीत ओंडके, पाचोळा, वाळलेला फेस अडकलेला दिसला तर पाणी तिथपर्यंत येतं. बाहेर एका माणसाकडे परतीची वेळ लिहून ठेवतो आणि त्यानंतर किती तासांनी शोधायला निघायचं तेही. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे, त्यातले दोन हेल्मेटवर. वटवाघळांची विष्ठा कोरडी पडलेली असेल तिथे एन-95 मास्क लावतोच, कारण त्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो.

आता मोजणी. तीन माणसं पुरतात, चौथा आला की गप्पा वाढतात. एक पुढे जाऊन स्टेशन निवडतो, दुसरा यंत्र धरतो, तिसरा वही. स्टेशन म्हणजे दोन मोजमापांमधला ठरलेला बिंदू. एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंतच्या रेषेला लेग म्हणतात. प्रत्येक लेगचे तीन आकडे: अंतर, चुंबकीय उत्तरेपासूनची दिशा आणि चढ-उताराचा कोन. एवढ्यावर सगळी गुहा उभी राहते.

स्टेशन निवडणारा नवखा असला की काम रखडतं. पुढचं दिसतंय म्हणून तो भिंतीच्या खोबणीत बिंदू घेतो, पण पुढच्या लेगला तिथे यंत्र धरायला डोकं शिरत नाही. खडकाचं पुढे आलेलं नाक बघावं, जिथून मागचं आणि पुढचं दोन्ही दिसेल. खूण म्हणून नेलपॉलिशचा तांदळाएवढा ठिपका, तोही फक्त फाट्यांवर. ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याने घडलेल्या लवणस्तंभांवर कधीच नाही.

यंत्र दोन तऱ्हेचं. जुनी पद्धत म्हणजे 30 मीटरची फायबरग्लास टेप, सुंटो कंपनीचं होकायंत्र आणि चढ-उताराचा कोन मोजणारं क्लिनोमीटर. क्लिनोमीटरच्या खिडकीत एका बाजूला अंश आणि दुसऱ्या बाजूला टक्के असतात. थकलेला माणूस टक्के वाचतो आणि 45 अंशांच्या चढाचे 100 होतात. नवीन पद्धत म्हणजे डिस्टोएक्स. लेसरने अंतर मोजणाऱ्या लायका डिस्टोमध्ये दिशा आणि कोन मोजणारं सर्किट बसवलेलं असतं, आणि आकडे ब्लूटूथने फोनवरच्या टोपोड्रॉइड ॲपमध्ये जातात. एकाच बिंदूवर तीन वेळा लेसर मारा, तिन्ही जुळले की ते त्याला लेग समजतं. एकेकदा मारलेले फटके भिंती-छताचे. मोठ्या दालनात असे आठ-दहा फटके मारले की आकार धरतो.

डिस्टोएक्स हातात आलं की लोकांना वाटतं, झालं. पण त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राची स्वतःची चूक शोधून ती काढणं, तुम्हीच करायचं असतं. 14 दिशा, प्रत्येक दिशेला यंत्र आपल्याच अक्षावर फिरवत चार वेळा, एकूण 56 मोजमापं. हे गेस्ट हाउसच्या खोलीत केलं की वाया जातं, कारण भिंतीत सळ्या असतात. मोकळ्या रानात किंवा गुहेतच करायचं, आणि सरासरी चूक अर्ध्या अंशाखाली आल्याशिवाय सोडायचं नाही. बॅटरी पोलादी कवचाची असेल तर ती बदलली की पुन्हा पहिल्यापासून, कारण ते कवच स्वतःच चुंबकासारखं वागतं.

लोखंडाचं हे दुखणं जुन्या होकायंत्रालाही आहेच. स्टीलची कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), चाकू, चष्म्याची तारेची काडी, हेल्मेटवरच्या दिव्याची बॅटरी. यंत्र डोळ्याशी नेलं की दिवा वीतभर अंतरावर येतो. म्हणून वाचणाऱ्याने हेल्मेट उतरवून हातातल्या छोट्या दिव्याने वाचावं. संशय आला तर उलटं वाचन घ्यायचं: अ वरून ब आणि ब वरून अ, फरक 180 अंश यायला हवा. दोन अंशांहून जास्त घोळ असेल तर कुणाच्या तरी खिशात काहीतरी आहे. सराव आम्ही सह्याद्रीत करतो, आणि तिथे खिसे रिकामे केले तरी आकडे जुळत नाहीत. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, कातळच होकायंत्र खेचतो. नवख्यांना हा त्रास आधी दिसलेला बरा असतो.

एक अंश चुकला तर काय होतं? 10 मीटरच्या लेगवर 17 सेंटिमीटर. तेवढं चालतं, कारण अशा चुका दोन्ही बाजूंना होतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खातात. न खाल्ली जाणारी चूक म्हणजे ऐकण्यातली.

टेप-होकायंत्राने मोजलेल्या एका लूपचं उदाहरण देतो. लूप म्हणजे वाट फिरून पुन्हा ओळखीच्या स्टेशनवर येते तो फेरा. 31 लेग, एकूण 262 मीटर. आकडे सर्व्हेक्स या गुहा-मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले तर सुरुवात आणि शेवट 4.1 मीटरने चुकत होते, म्हणजे दीड टक्का. कागदावर टक्केवारी वाईट वाटत नाही, पण एवढ्या लूपला मीटरभर चूक ठीक, चार मीटर म्हणजे कुठेतरी एक ढोबळ घोळ आहे. अशा वेळी तफावत कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. अंतराची चूक लेगच्या रेषेत सरकवते, दिशेची चूक लेगला काटकोनात. आमची तफावत जवळपास उत्तर-दक्षिण होती, म्हणून पूर्व-पश्चिम जाणारे लांब लेग तपासले. त्यात एक 23.4 मीटरचा, वहीत दिशा 283. तिथे 273 घातले आणि तफावत नाहीशी झाली. हिशेबही जुळतो: 23.4 मीटरवर 10 अंश म्हणजे 4.08 मीटर. दुसऱ्या दिवशी जाऊन तो लेग पुन्हा मोजला तेव्हाच वहीत दुरुस्ती केली. न मोजता आकडा बदलणं म्हणजे नकाशा सोयीने वाकवणं.

वाचणाऱ्याने 'दोनशे त्र्याहत्तर' म्हटलं होतं, वहीवाल्याला 'त्र्याऐंशी' ऐकू आलं. शेजारी धबधबा, वर घुमणारं छत. मराठी आकडे गुहेसाठी फार वाईट. शहात्तर, शहाऐंशी, एकोणसाठ, एकोणसत्तर, सगळेच जुळे. आता आम्ही एकेक अंक म्हणतो: दोन, सात, तीन. वहीवाला तेच मोठ्याने परत म्हणतो, आणि वाचणारा 'हो' म्हणेपर्यंत यंत्र डोळ्यावरून हलत नाही. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर तीन' असं वाचन आणलं तेव्हा किती वाद झाला! वर्गातलं मला माहीत नाही, पण धबधब्याशेजारी ते बरं. मेघालयातल्या मिश्र गटात इंग्रजी आकडे चालतात, तिथे फिफ्टीन-फिफ्टीचा तोच घोळ आहे आणि उपायही तोच. चढ-उताराला अधिक-उणे न म्हणता 'वर बारा', 'खाली बारा' म्हणतो. उण्याची खूण विसरणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारी चूक.

वही धरणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, म्हणून त्याला दोर किंवा पिशव्या ओढायला लावायचं नाही. कागद पाण्यात टिकणारा, पेन्सिल 0.7 ची आणि दोरीने बांधलेली, खोडरबर वर्ज्य. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा. आकडे ही अर्धीच वही, उरलेली अर्धी म्हणजे रेखाटन. आम्ही 1:200 ला काढतो, म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर आत 2 मीटर. भिंती, पाणी, दरड, वाळू, छताची उंची, आणि वाटेचा आकार बदलला की आडवा छेद. छेद कुठल्या बाजूला तोंड करून काढलाय तो बाण विसरला तर घरी छेद उलटा बसतो. न शिरलेल्या प्रत्येक फाट्यावर प्रश्नचिन्ह, शेजारी अ, ब किंवा क: चालत जाता येईल, वाकून, की पोटावर. पुढच्या वर्षीचा गट याच यादीवर निघतो.

गतीही वहीच ठरवते. उभ्याने चालता येईल अशा वाटेत दिवसाला 300 ते 500 मीटर होतात, सरपटायच्या वाटेत 100 झाले तरी जेवण गोड लागतं. पुढचा माणूस 'आत मोठं दालन दिसतंय' म्हणून ओरडत असतो, त्याला थांबवायचं. मोजत-मोजतच पुढे जायचं. आधी धावून मग परतताना मोजू म्हणणारे परतताना मोजत नाहीत, थकलेले असतात.

संध्याकाळी त्याच दिवशी आकडे चढवायचे. आठवण ताजी असते तोवरच चिखलाखालचा 1 आहे की 7 ते कळतं. तोंडाशी जीपीएस पंधरा मिनिटं ठेवून सरासरी घेतलेली असते, झाडीमुळे एकट्या वाचनावर भरवसा नसतो. सर्व्हेक्सने रेषा जुळवल्या की थेरियन या नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती. नकाशा किती अचूक ते सांगणाऱ्या ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनच्या श्रेणीत 5 वी लिहायची असेल तर कोन 1 अंशात, स्टेशन 10 सेंटिमीटरच्या आत आणि यंत्र कॅलिब्रेट केलेलं हवं. यातलं एक नसेल तर 5 लिहू नये.

नकाशा पहिला गावाला. त्यावर '1:500' एवढंच छापून चालत नाही, मीटरची पट्टी काढावी लागते, कारण गावात त्याची झेरॉक्स होते आणि झेरॉक्समध्ये प्रमाण बदलतं, पट्टी मात्र सोबतच लहान-मोठी होते. आतली वाट कुठल्या शेताखालून, कुठल्या झऱ्याला निघते हे लोकांना त्यातच पहिल्यांदा दिसतं, आणि वरच्या खड्ड्यात कचरा टाकला तर तो कुणाच्या पाण्यात जातो हेही.

महाराष्ट्रातल्या शाळेत गेलो की 'कंपास' म्हणायचं नाही, पोरं कंपासपेटी काढतात. होकायंत्र म्हणायचं. मैदानावर सहा खुंट्या, त्यांच्याभोवती एक लूप, तीन-तीनचे गट. आलेख कागदावर काढलेला लूप जुळत नाही तेव्हा कोण चुकलं यावर जे भांडण होतं, तोच धडा. लोखंडी गोलपोस्टजवळ एक खुंटी मुद्दाम ठेवावी.

मग रसायन. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरची निवळी अलगद काढून तेवढंच पाणी मिसळायचं. ही सगळी तयारी मोठ्यांनीच करायची, चुना डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. निवळीत बाटलीतला साधा सोडा (प्यायचं सोडावॉटर) थोडा थोडा ओतला की ती दुधाळ होते, ती चुनखडी. ओतत राहिलं की चुनखडी विरघळून पुन्हा नितळ, ती गुहा. तेच पाणी उकळलं की परत गढूळ, तो लवणस्तंभ. निवळी पातळ केली नाही तर दुसरा टप्पा येतच नाही, अख्खी बाटली संपते आणि पोरं पांढऱ्या पाण्याकडे बघत बसतात.