आमची वाटचाल: लाकडी प्लिंथ, लाल पेन आणि तो सोमवार

आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याला पंधरा वर्षं झाली, आता काहीतरी लिही, म्हणून पार्टनर दोन महिने मागे लागलाय. त्याला उद्घाटन, दुसरी शाखा, असलं काहीतरी हवंय. मी लिहायला बसले की मला तो सोमवारच आठवतो. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

सोमवारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. रविवारी कुठेतरी वजन उचलून कंबर धरलेले, शनिवारी हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळालेले, शुक्रवारी 'जरा बरं वाटतंय' म्हणून दांडी मारलेले, सगळे एकाच सकाळी यायचे. त्या दिवशी दहा वाजले तरी चारच जण. वॅक्स बाथ, म्हणजे दुखरे हात शेकायची गरम मेणाची टाकी, सकाळपासून वितळून तयार होता, 52 अंशांवर लाल दिवा लागत-विझत होता आणि त्यात हात बुडवायला कुणीच नव्हतं. मग एक फोन आला. "ताई, आता हॉस्पिटलमध्येच खालच्या मजल्यावर फिजिओ सुरू झालंय. सर म्हणाले, तिथेच करा." दुपारपर्यंत असे सहा फोन.

'सर' म्हणजे ते सर्जन, ज्यांच्या प्रत्येक गुडघ्याच्या पेशंटला सहा वर्षं आम्ही उभं केलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पहिलं पाऊल टाकायला लावणारी मी होते. सुट्टीच्या दिवशीही गेले. एक फोन करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? अजून सांगितलेलं नाही. आणि त्या नव्या डिपार्टमेंटची प्रमुख कोण, तर आमच्याकडे तीन वर्षं काढलेली मुलगी. गोनिओमीटरचा, म्हणजे सांधा किती अंश वाकतो ते मोजायच्या पट्टीचा, स्थिर दांडा मांडीच्या हाडाच्या रेषेत आणि हलता दांडा घोट्याकडे, हे तिचा हात धरून मी शिकवलं होतं. राजीनाम्यात तिनं 'वैयक्तिक कारण' लिहिलं होतं.

आता थोडं मागे जाते, नाहीतर पार्टनर म्हणेल नुसता राग काढलास.

आम्ही दोघं एकाच वर्गातले. दोन खोल्या, सुताराकडून करून घेतलेल्या दोन प्लिंथ, म्हणजे पेशंटला झोपवायची उंच बाकं, आणि सेकंड हँड शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे रेडिओ लहरींनी आतपर्यंत शेक देणारं मशीन. या धंद्यातल्यांना ते धूड आठवत असेल. 27.12 मेगाहर्ट्झ, दोन जाड केबली आणि ट्यूनिंगची ती गोल चकती, जी बरोबर जागी आणायला कान आणि बोटं दोन्ही लागत. प्लिंथ लाकडी केल्या त्या पैसे वाचवायला असं सगळ्यांना वाटायचं, पण शॉर्टवेव्हच्या आसपास लोखंड नकोच असतं. धातूजवळ फील्ड गोळा होतं आणि पेशंट भाजतो. पार्टनर प्रत्येकाला घड्याळ, कानातलं यंत्र काढायला लावायचा आणि पेसमेकर आहे का हे दोनदा विचारायचा. दोनदा विचारण्याची ती सवय मी त्याच्याकडून घेतली. त्याच्या चांगल्या गोष्टींची यादी इथे संपते, असं मी त्याच्यासमोरही म्हणते.

लोक 'शेक घ्यायला' यायचे. व्यायामाला कुणी येत नव्हतं. आयएफटीचे, म्हणजे दुखणं कमी करायला सौम्य करंट देणाऱ्या मशीनचे, चार पॅड लावून वीस मिनिटं पडून राहायचं आणि जाताना "आज करंट जरा कमी होता" अशी तक्रार करायची. आम्हीही ते चालवून घेतलं. इथे माझी स्वतःची चूक आहे आणि ती सर्जनच्या माथी मारता येत नाही.

आमचं ध्येय काय होतं? भिंतीवर लिहिलं होतं: 'रोज 30 पेशंट'. ठोकळ्या अक्षरांत, घड्याळाच्या खाली. आकडा कुठून आला ते दोघांनाही सांगता येणार नाही. गोल होता, बरा दिसत होता. आता हिशोब करून बघा. दोन फिजिओ, आठ-आठ तास, म्हणजे 960 मिनिटं. भागिले 30 म्हणजे माणशी 32 मिनिटं. त्यातून प्लिंथ पुसणं, नोंद करणं, पैसे घेणं, फोन घेणं वजा केलं की वीस-बावीस मिनिटं उरतात. एवढ्या वेळात फ्रोझन शोल्डरचं, म्हणजे आखडलेल्या खांद्याचं, धड असेसमेंटही होत नाही. मग तिघांना एकदम मशीन लावायचं आणि चौथ्याला कोपऱ्यात पुली ओढत बसवायचं. तीसचा आकडा आम्ही गाठायचो, पण त्यातल्या कितींचा हात डोक्यापर्यंत पोचला हे कुणी मोजत नव्हतं.

गंमत अशी की पेशंटसाठी ध्येय ठरवण्यात आम्ही पक्के होतो. 'दोन आठवड्यांत गुडघा वाकणं 90 अंश, सहा आठवड्यांत 110, काठीशिवाय जिना.' चालायला साधारण 60 ते 65 अंश लागतात, जिन्याला 85-90 च्या आसपास, खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून थोडे जास्त. हे झोपेतही सांगू. दवाखान्यासाठी मात्र असा एकही आकडा नव्हता.

हे लक्षात आणून दिलं काकूंनी. आयुष्यभर ऑडिटचं काम करून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या. त्याच सर्जनच्या पेशंट. त्यांनाही खालच्या मजल्यावर जायला सांगितलं होतं. त्या सोमवारनंतरच्या बुधवारी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याची वही इथे आहे. मी वही सोडून जात नाही."

ही वही म्हणजे शंभर पानी साधी वही. प्रत्येक सिटिंगचं फ्लेक्शन (गुडघा किती वाकतो), एक्स्टेन्शन लॅग (स्वतःहून सरळ करताना किती कमी पडतो), दुखणं दहापैकी किती. फ्लेक्शन 88 वर अडकून तीन आठवडे झाले होते आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. व्यायाम करता करता रिकाम्या प्लिंथकडे बघून त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्यात नवे किती आले गं?"

मला सांगता आलं नाही.

"कुठून आले?"

"असेच. ओळखीतून."

"असेच म्हणजे काय? रजिस्टर आण."

दोन दुपारी त्या पट्टी आणि लाल पेन घेऊन बसल्या, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मागच्या एका वर्षाचं रजिस्टर. प्रत्येक नावापुढे, कुणी पाठवलं. शेवटी पानाखाली आकडा आला: शंभरातले 71 एकाच माणसाकडून. दुसरा आकडा त्याहून वाईट होता. उरलेल्यांतले निम्म्याहून जास्त तिसऱ्या-चौथ्या सिटिंगनंतर गायब झाले होते. दुखणं कमी झालं की गेले. आम्हाला वाटायचं, बरे झाले म्हणून गेले. कंबरेचे पेशंट चार महिन्यांनी पुन्हा येत, तेव्हा नवा केसपेपर निघे आणि आमच्या हिशोबात तो 'नवा पेशंट' धरला जाई.

"सर्जननं तुझा धंदा नेला नाही," काकू म्हणाल्या. "तो त्याचाच होता. तू चालवत होतीस."

मला राग आला. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण 71 हा आकडा लाल पेनानं लिहिलेला होता.

पुढचे आठ महिने कसे काढले ते सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही. मान-कंबरेला ताण द्यायचं नवं ट्रॅक्शन टेबल हप्त्यांवर घेतलं होतं, ते परत जाईना. पार्टनर संध्याकाळी घरोघरी व्हिजिट करू लागला, पक्षाघाताचे पेशंट, बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना शिकवायचं, खांद्याला आधार कसा द्यायचा ते दाखवायचं. मी सकाळी एकटी. मदतनीस मुलीचा पगार दोनदा उशिरा झाला, याची लाज अजून वाटते. शॉर्टवेव्ह विकली. घेणाऱ्यानं केबली गुंडाळताना "चालू आहे ना?" असं विचारलं तेव्हा पार्टनर बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या काळात एक जुना कागद हाती लागला, कुठल्याशा कार्यशाळेत मिळालेला. 'स्मार्ट' ध्येयांचा, म्हणजे ध्येय कसं असावं हे इंग्रजी एस-एम-ए-आर-टी या पाच अक्षरांवरून सांगणारा. हे सूत्र 1981 साली जॉर्ज डोरान यांनी एका व्यवस्थापन मासिकात मांडलं. आपण सगळे त्यातला 'ए' म्हणजे साध्य होण्याजोगं असं शिकतो, पेशंटच्या नोट्समध्येही तसंच लिहितो. डोरान यांच्या मूळ लेखात तो 'ए' आहे असाइनेबल, म्हणजे हे काम कुणाच्या अंगावर टाकायचं ते ठरलेलं हवं. मी कितीतरी वेळ त्या एका अक्षराकडे बघत होते. आमचे '30 पेशंट' कुणाच्या अंगावर होते? कुणाच्याच नाही. पार्टनरला वाटे मी बघते, मला वाटे तो बघतो आणि दोघांनाही वाटे सर्जनसाहेब बघतात.

घड्याळाखालचा कागद काढला. त्याजागी चार ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक नाव. कुठल्याही एका ठिकाणाहून एक तृतीयांशापेक्षा जास्त पेशंट नकोत, हे माझ्याकडे. ठरवलेला कोर्स पुरा करणारे किती, हे पार्टनरकडे. न सांगता गैरहजर राहणाऱ्यांना त्याच दिवशी फोन, हे मदतनीस मुलीकडे. तीन महिन्यांचा खर्च बाजूला, हे पुन्हा माझ्याकडे. हे शेवटचं व्हायला दोन वर्षं लागली.

कोर्स पुरा होण्याचं काम सर्वांत अवघड गेलं आणि तेच सर्वांत उपयोगी पडलं. पार्टनरनं काय केलं, तर पहिल्याच दिवशी पेशंटला त्याचं ध्येय त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहायला लावलं. 'दुखणं कमी' असं लिहिलेलं चालायचं नाही. 'मागचा हुक स्वतः लावता यावा.' 'नातवाला उचलता यावं.' 'वरच्या फळीवरचा डबा.' तिसऱ्या सिटिंगला दुखणं उतरलं की तो कागद समोर धरायचा: डबा निघाला का? नाही? मग अजून सहा सिटिंग. लोक थांबायला लागले. करंट कमी होता ही तक्रारही बंद झाली, कारण आता प्लिंथवर पडून राहायला फारसा वेळच मिळत नव्हता.

माझ्या वाट्याला आली पत्रं. आसपासच्या फॅमिली डॉक्टरांना, त्यांनी न मागता, प्रत्येक पेशंटचा एक पानी अहवाल. पेशंट आला तेव्हा खांदा किती वर जात होता, आता किती जातो, पुढे काय. पहिल्या चाळीस पत्रांना एकही उत्तर आलं नाही. मग एका वयस्कर डॉक्टरांनी फोन केला, "आकडे लिहिता हे आवडलं," आणि त्यांचीच बायको पाठवली, टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं. तिनं आयुष्यात टेनिस खेळलेलं नव्हतं.

कुणी विचारलेलं नाही, तरी नवीन दवाखाना काढणाऱ्यांना सांगते. मशीन वेटिंग लिस्टसाठी घ्या, वेटिंग लिस्ट यावी म्हणून घेऊ नका. लेझर घेतलं म्हणून कुणी येत नाही, येतो तो शेजाऱ्याचा खांदा फिरलेला बघून. स्वतःचा पगार खर्चात धरा. आम्ही पाच वर्षं धरला नाही आणि नफा झाला म्हणून खूश होतो. ज्युनिअरला मनापासून शिकवा, पण ती जाणार हे धरूनच शिकवा. आणि महिन्याच्या एक तारखेला अर्धा तास दार बंद करून रजिस्टर उघडा. पेशंट बाहेर बसला असेल तर बसू दे.

त्यानंतरची सात-आठ वर्षं बरी गेली. दुसरी शाखा झाली, प्लिंथ सातावर गेल्या. पार्टनरला वाटतं यावर दोन पानं हवीत. मला त्यात काही सांगण्यासारखं आठवत नाही.

ती मुलगी मागच्या वर्षी एका कॉन्फरन्सला भेटली. चहाच्या रांगेत माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे रोज 40 चं टार्गेट आहे." मी काही बोलले नाही. तिचा उजवा हात अंगठ्याच्या बुडाशी सुजलेला दिसत होता, दाबून दाबून दुखावणारा, आमच्या धंद्यातला नेहमीचा अंगठा. सर्जन अजून समोरून आले तर मी रस्ता ओलांडते.

काकू ब्याऐंशीच्या आहेत. गुडघे उत्तम, 118 आणि 115. आता त्या तोल राखण्याच्या व्यायामासाठी येतात. दर पंधरा दिवसांनी टाइम्ड अप अँड गो घेतो: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागली तर पडण्याचा धोका धरतात. वही चौथी चालू आहे आणि आकडा त्या स्वतः लिहितात. परवा 12.3 आले.

"तू घड्याळ उशिरा थांबवलंस," त्या म्हणाल्या.

"नाही हो काकू."

"पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. 12.1. त्यांनी लिहिलं, खाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "या महिन्यात नवे किती?"

"एकोणीस."

"कुठून?"

मी रजिस्टर आणायला उठले.