‘आयात माल स्वीकारला जाणार नाही’

युरोपीय आयोगाने २४ एप्रिल २०२४ रोजी चीनच्या सरकारी खरेदीची चौकशी सुरू केली. चिनी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय उपकरणं विकत घेताना युरोपातल्या कंपन्यांना मुद्दाम डावलतात का, हे तपासायचं होतं. युरोपात २०२२ साली लागू झालेल्या नव्या कायद्याखालची ही पहिलीच चौकशी. ज्यांना झळ बसली असेल त्यांनी माहिती आणि पुरावे पाठवावेत, असं आवाहन आयोगाने केलं होतं.

मी राहते ते टुटलिंगन दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबच्या काठी आहे. जेमतेम पस्तीस-छत्तीस हजार वस्तीचं गाव, पण शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी सर्जन मंडळी जगभर ओळखतात. एकोणिसाव्या शतकात इथे हा धंदा रुजला आणि आज गावात आणि पंचक्रोशीत मिळून चारशेच्या आसपास कंपन्या त्यात आहेत. दोन-चार बड्या, बाकीच्या बहुतेक घरच्या घरी चालवलेल्या. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत परवाने आणि निविदांचं काम बघते. आमच्याशी व्यवहार असलेल्या छोट्या कारखान्यांकडून या चौकशीसाठी माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

फोनवर सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं: चीनमध्ये आता आम्हाला कोणी विचारत नाही. ते खरंही होतं, पण नुसत्या गाऱ्हाण्यावर आयोग काय करणार? कुठल्या रुग्णालयाची निविदा, तिचा क्रमांक, तारीख, आणि नेमक्या कुठल्या अटीमुळे तुम्ही बाहेर पडलात, हे सगळं कागदावर लागतं. नाहीतर समोरची बाजू सरळ म्हणते की तुमचा माल महाग होता. आणि महाग माल नाकारायचा हक्क कुठल्याही खरेदीदाराला असतो.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, त्या दिवशी मी अशाच एका छोट्या कारखान्यात गेले होते. खाली पॉलिशची यंत्रं आणि वर ऑफिस. मालक सत्तरी ओलांडलेले, पण टाके घालताना सुई धरायच्या हत्याराचा, नीडल होल्डरचा, जबडा नीट बसतो की नाही हे अजून स्वतः उजेडासमोर धरून बघणारे. ऑफिस त्यांची मुलगी सांभाळते. लॅप्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेची हत्यारं हा त्यांचा मुख्य माल, आणि एके काळी त्यातला मोठा वाटा चीनला जायचा. तिथल्या निविदा, त्यांची चीनमधल्या वितरकाने करून पाठवलेली जर्मन भाषांतरं, नकाराची पत्रं, सगळं त्यांनी जाडजूड फायलींमध्ये लावून ठेवलं होतं. आम्ही ते पॅकिंगच्या टेबलावर पसरलं आणि वेगवेगळे ढीग लावायला बसलो.

पहिला ढीग झाला तो किमतीवर हरलेल्या निविदांचा, आणि तो सर्वांत मोठा निघाला. चीनमध्ये अलीकडे अनेक रुग्णालयांची गरज एकत्र करून एकगठ्ठा खरेदी होते आणि जे स्वस्त देतील त्यांना हमखास मोठी ऑर्डर मिळते. नोव्हेंबर २०२० मध्ये हृदयाच्या स्टेंटची अशी खरेदी झाली, तेव्हा सरासरी १३,००० युआनच्या घरातली किंमत ७०० युआनच्या आसपास आली. रुग्णाच्या दृष्टीने बघितलं तर हे वाईट कसं म्हणायचं? मी तो ढीग बाजूला ठेवायला लागले, तसा मालकांचा आवाज चढला. ‘म्हणजे हा अन्याय नाही म्हणता?’ मी म्हटलं, ‘असेलही. इतक्या कमी भावात माल कसा परवडतो, त्यामागे कोणाची मदत आहे, हा वेगळा प्रश्न आहे. पण या कागदांवरून ते सिद्ध होत नाही. हे पाठवले तर उरलेल्या पुराव्याचीही धार जाईल.’ त्यांना ते पटलं नाही. मुलीला पटलं.

दुसरा ढीग पातळ होता, पण तो बघताना मी सरसावून बसले. प्रांतिक आणि जिल्हा रुग्णालयांच्या त्या निविदांमध्ये अटींच्या यादीत कुठेतरी मध्येच एक ओळ होती: ‘या खरेदीत आयात माल स्वीकारला जाणार नाही.’ कारण दिलेलं नाही, किमतीचा संबंध नाही, दर्जाचा तर नाहीच. माल उघडून बघायच्या आधीच दार बंद. चीनच्या सरकारी खरेदी कायद्याचं दहावं कलम देशी माल घ्यायला सांगतं. अपवाद म्हणून आयात करायची तर वरून मंजुरी लागते. त्यात २०२१ साली तिथल्या दोन मंत्रालयांनी खालच्या कार्यालयांना एक यादी पाठवली. तिच्यात १७८ प्रकारची वैद्यकीय उपकरणं होती आणि त्यांपैकी १३७ प्रकारांत शंभर टक्के देशी मालच घ्यावा असं म्हटलं होतं. ही यादी सरकारने कधी प्रसिद्ध केली नाही. ज्या आदेशाने धंदा बसतो तो आदेश परदेशी विक्रेत्याला वाचायलाही मिळत नाही, तेव्हा त्याची सावली ज्या कागदांवर पडली आहे ते गोळा करण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. टेबलावरच्या त्या पातळ ढिगाची किंमत यात होती.

मी कागदांच्या प्रती मागितल्या, आणि मालकांनी सगळ्या फायली मिटल्या.

‘ही भाषांतरं आमच्या वितरकाने पाठवली आहेत,’ ते म्हणाले. ‘माझे केस काळे होते तेव्हापासून तो आमच्याबरोबर आहे. त्याला त्याच रुग्णालयांच्या दारात उद्या पुन्हा उभं राहायचंय. हे कागद कुठून फुटले हे तिथे कळायला वेळ लागणार नाही. तुम्ही ब्रुसेल्सला आयोगाकडे पत्र पाठवून मोकळ्या व्हाल, त्याचं काय?’

यावर माझ्याकडे पटकन देण्याजोगं उत्तर नव्हतं. माहिती गोपनीय ठेवा अशी विनंती करता येते, पण तिच्याबरोबर उघडपणे वाचता येईल असा सारांश द्यावा लागतो. मोठ्या कंपनीला याचं काही वाटत नाही. ‘एका युरोपीय उत्पादकाने’ असं लिहिलं की ती पन्नासांत लपते. पण विशिष्ट मापाचा आणि विशिष्ट वळणाचा फोर्सेप्स, म्हणजे चिमटा, करणारे कारखाने जगात मोजकेच असतात. नाव खोडलं तरी हत्याराच्या वर्णनावरून माणूस ओळखू येतो.

उरलेला दिवस मालकांची मुलगी आणि मी फक्त ओळख पुसायचं काम करत बसलो. हत्याराचं नाव काढून नुसता वर्ग ठेवायचा. शहर काढून प्रांत ठेवला, मग प्रांतही काढला. तारखेऐवजी वर्ष. जिथे एवढं काढल्यावर काहीच उरेना, तो कागद परत फायलीत. खरा मजकूर फक्त गोपनीय प्रतीत. मधूनच मालक खालून वर यायचे, सारांश हातात घेऊन वाचायचे आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवायचे. ते बोट दर वेळी योग्य ठिकाणी असायचं. शेवटी मुलीने वितरकाला फोन लावला, कारण त्याच्या होकाराशिवाय काही पाठवायचं नाही यावर बापलेकीचं एकमत होतं. त्याने काही निविदा वगळायला सांगितल्या आणि बाकीच्यांना हो म्हटलं. तो माणूस मी कधी पाहिलेला नाही, पण या सगळ्यात खरी जोखीम त्याने घेतली असं मला आजही वाटतं.

रात्री मिरजेला ममेभावाशी बोलले. तो रुग्णालयांच्या खाटा आणि ट्रॉल्या बनवतो. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘अगं ताई, आपल्याकडे देशी मालाला पसंती द्यायचा नियम आहे म्हणून तर मी टिकलो.’ खोटं नाही ते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशाने देशी पुरवठादाराला प्राधान्य दिलं. आज ज्याच्या मालात ५० टक्के किंवा त्याहून जास्त देशी हिस्सा आहे तो पुरवठादार पहिल्या वर्गात मोडतो. सरकारी खरेदीच्या जागतिक करारात भारत नाही, चीनही नाही. चीनने २००७ मध्ये अर्ज केला, तो अजून तडीस गेलेला नाही. तेव्हा चीनने कुठलं वचन मोडलं असं सरसकट म्हणता येत नाही, आणि भावाला तर मी अजिबात नावं ठेवणार नाही. पण आपला आदेश टक्क्यांसकट छापलेला आहे. परदेशी कंपनीला तो वाचून ठरवता येतं की इथे कारखाना काढायचा, भागीदार शोधायचा की नाद सोडायचा. न छापलेल्या यादीपुढे यातलं काहीच करता येत नाही. माझी तक्रार आहे ती या लपवालपवीबद्दल, आणि तिच्यामुळे एका वितरकाला जीव मुठीत धरून फोनवर बोलावं लागलं त्याबद्दल.

आयोगाचा अहवाल १४ जानेवारी २०२५ रोजी आला. ३,८०,००० हून अधिक चिनी निविदा तपासल्या होत्या आणि त्यांतल्या ८७ टक्के निविदांत परदेशी मालाविरुद्ध थेट किंवा आडून भेदभाव आढळला होता. जूनमध्ये युरोपने ५० लाख युरोंहून मोठ्या वैद्यकीय उपकरणांच्या सरकारी खरेदीतून चिनी कंपन्यांना वगळलं. जुलैत चीनने उलट पाऊल उचललं: साडेचार कोटी युआनच्या वरच्या खरेदीत युरोपच्या कंपन्यांना बंदी, पण ज्यांचे चीनमध्येच कारखाने आहेत त्यांना सूट.

हे वाचून त्या मुलीचा फोन आला. तिने दोन्ही आकडे कागदावर मांडले होते. हाताने वापरायच्या हत्यारांची खरेदी एवढ्या मोठ्या रकमेची क्वचितच असते, म्हणजे इकडचं संरक्षण त्यांच्यापर्यंत फारसं पोचत नाही. तिकडची सूट तर चीनमध्ये कारखाना काढण्याइतका पैसा असलेल्यांसाठी. जिल्हा रुग्णालयाच्या निविदेतली ती ओळ मात्र होती तिथेच आहे. पुढच्या वेळी आयोगाने माहिती मागवली तर आम्ही दोघी मिळून आधी या रकमेच्या मर्यादेवर लिहिणार आहोत, आणि मसुदा करायला आत्ताच घेतला आहे.