आखाजीला मित्राची गाडी नेली, पण आधी पॉलिसी बघितली

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईला माहेरी आणायचं होतं, शहाद्याहून अमळनेरला, सोबत तिची दोन लहान पोरं आणि सामान, वरून ते ऊन, त्यामुळे बाईकचा विषयच नव्हता. मित्राला विचारलं तर तो लगेच म्हणे, "ली जाय ना भो, आपलीज गाडी शे." पण माझ्या डोक्यात एकच, रस्त्यात काही झालं तर त्याच्या गाडीचं काय?

दोन दिवसांपुरता माझ्या नावाने विमा मिळतो का ते आधी शोधलं. इंग्लंडमध्ये तसा दिवसावर मिळतो, आपल्याकडे मला काही सापडला नाही. इथे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही, मालकाने स्वतः गाडी दिलेली असेल आणि आपलं लायसन चालू असेल तर त्याचीच पॉलिसी लागू होते.

भाड्याचंही बघितलं. एक जण घरची पांढऱ्या पाटीची गाडी दिवसावर देतो, स्वस्त पडते, पण प्रायव्हेट पॉलिसीत गाडी भाड्याने द्यायला मनाई असते, ठोकली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. सेल्फ ड्राइव्हच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळा नंबर लागतो. ती पाटी नसेल तर मी तरी भाड्याची गाडी घेणार नाही.

मग मित्राकडून पॉलिसीची पीडीएफ मागितली. तो म्हणे विमा ३ वर्षांचा आहे, शोरूमवाल्यांनीच काढून दिला, टेन्शन घेऊ नको. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर पण विमा चालू दिसत होता. पण पीडीएफ मोठी करून बघितली तर तारखा दोन होत्या, थर्ड पार्टी ३ वर्षं आणि ओन डॅमेज फक्त १ वर्ष, आणि ते वर्ष संपून दीड महिना झालेला! सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी ३ वर्षांची सक्तीची आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की सगळंच ३ वर्षांचं आहे. म्हणजे समोरच्याला लागलं तर कंपनी देणार, पण ह्याची गाडी ठोकली किंवा चोरीला गेली तर एक रुपया नाही.

त्याला सांगितलं तर तो एकदम गप्प झाला. ९० दिवसांच्या आत रिन्यू केलं तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) राहतो, म्हणून त्याच दिवशी फक्त ओन डॅमेजची पॉलिसी काढली. मुदत संपलेली असल्याने कंपनीने गाडीचा व्हिडिओ मागितला, मग भर दुपारी निंबाखाली गाडी उभी करून चारही बाजू, काच, चेसिस नंबर, मागच्या बंपरवरचा जुना ओरखडा, सगळं मोबाईलवर काढलं. अर्धे पैसे मी दिले, तो नकोच म्हणत होता पण मी ऐकलं नाही. आणि निघायच्या आधीच बोलून घेतलं की क्लेम करायची वेळ आली तर कंपनी देत नाही ते सुरुवातीचे १००० रुपये माझे आणि त्याचा बोनस गेला तर तो फरकही माझा. मैत्रीत हे आधी बोललेलं बरं असतं, नंतर तोंड उघडत नाही.

एक गोष्ट मात्र राहतेच, पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघाती कव्हर फक्त मालकाला असतं, मी चालवत असलो तरी ते मला नाही. माझ्यासाठी बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जाणारा २ लाखांचा सुरक्षा विमा तेवढा होता, तो कमीच आहे, मोठा घ्यायचाय.

सारंगखेड्याच्या पुलावर पोरांनी तापी बघायला गाडी थांबवायला लावली. दुसऱ्या दिवशी टाकी भरून किल्ली परत दिली, सोबत ताईने केलेल्या खापरावरच्या पुरणपोळ्या.